संत्र्याच्या बागेत उभी गाडी: चाकांवरच्या घराला वीज देण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी नागपुरात वायरिंगचं आणि सोलरचं काम करतो. हे प्रकरण एका जोडप्याच्या गाडीचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत. गिऱ्हाइकाला भाऊ-ताई म्हणायची आमच्याकडे पद्धत, म्हणून इथेही ते भाऊ आणि ताईच. ते मला काका म्हणतात.

भाऊ उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे तयार करतात. त्यांचा लॅपटॉप म्हणजे एक लहान इस्त्रीच, जोरात चालला की पंख्याचा आवाज बाहेर येतो. ताई भाषांतर करतात आणि त्यांचे क्लायंट परदेशात, त्यामुळे रात्री नऊ ते अकरा त्यांचे कॉल असतात. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे तिनेच आमचं गणित चुकवलं.

दोघांनी भाड्याचा फ्लॅट सोडला, जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि आत पलंग, ओटा, दोन टेबलं बसवून घेतली. गाडीच्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते. ती त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती, आणि हे मी त्यांच्या बाजूने ठळकपणे नोंदवतो, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे कलम ठाऊकच नसतं. हिवाळ्यात गाडी पेंचकडे, उमरेडकडे फिरते. बाकीचे महिने ती काटोल रस्त्याला भाऊंच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत, धुऱ्यावरच्या आंब्याजवळ उभी असते. तिथे घर नाही, घरगुती मीटरही नाही. विहीर आहे आणि तिच्यावर शेतीपंप आहे.

अडचण

फेब्रुवारीत त्यांनी शहरातल्या एका दुकानातून सगळं सामान एकदम घेतलं होतं: ३३५ वॅटचे दोन पॅनल, घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशा १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि पॅनलची वीज बॅटरीत सोडणारा एक स्वस्तातला चार्ज कंट्रोलर. एकूण खर्च बहात्तर हजार. फेब्रुवारी-मार्च बरा गेला. रात्री पंखा लागत नव्हता, फ्रिज अजून घेतला नव्हता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पंखे, फ्रिज आणि उन्हाळा असे तिघं एकदम आले. मग रोज रात्री अडीच-तीनला पंखे बंद पडायचे, आणि सकाळी ताईंनी चटणीसाठी मिक्सर लावला की इन्व्हर्टर बोंबलायचा.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "ऊन कमी पडत असेल." एप्रिल महिना, नागपूर, आणि ऊन कमी! भाऊंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी गाडीपाशी गेलो.

दुपारी सव्वाबाराला पॅनलच्या तारेला क्लॅम्प मीटर लावला. कागदावर ६७० वॅट; बॅटरीत जात होते १७ अँपिअर. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, म्हणजे जेमतेम २३० वॅट. पॅनल स्वच्छ होते, सावली नव्हती. दोष कंट्रोलरच्या जातीत होता. तो पीडब्ल्यूएम प्रकारचा. असा कंट्रोलर पॅनलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. ३३५ वॅटचं पॅनल सुमारे ३८ व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर देतं तेव्हा त्याचे ३३५ वॅट होतात. त्याला १३.६ व्होल्टवर खेचलं की अँपिअर तेवढेच राहतात, व्होल्ट मात्र एक तृतीयांशाच्या आसपास उरतात. दोन तृतीयांश वीज कुठे जळत नाही, ती तयारच होत नाही. भाऊंना हे पटायला वेळ लागला. "म्हणजे दोन पॅनल घेतले, त्यातलं सव्वा पॅनल नुसतं छपरावर ओझं म्हणून नेतोय?" साधारण तसंच.

मिक्सरचा घोटाळा वेगळा निघाला. मिक्सर चालू असताना बॅटरीच्या खांबांवर १२.१ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या खांबांवर १०.७. मधल्या तीन मीटरमध्ये दीड व्होल्ट गायब. तार ४ स्क्वेअर एमएमची, घरात एसीच्या पॉइंटला टाकतात ती. बारा व्होल्टवर ५०० वॅटचा मिक्सर पन्नास-बावन्न अँपिअर खेचतो, आणि त्या तारेचं ते काम नाही. बॅटरीत जीव होता, पण तो इन्व्हर्टरपर्यंत पोचत नव्हता. तारेच्या टोकाला असतो त्या लगवरची निळी टोपी तपकिरी झाली होती. लग पकडीने दाबलेला होता, बोटाने हलवला तर हलला. आणि ही तार पलंगाखालून, गादीला टेकून गेली होती.

आणखी दोन गोष्टी पाहून मी त्यांना त्या रात्री गाडीत झोपू नका असं सांगितलं. एक, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये फ्यूजच नव्हता. होता तो घरगुती एसी प्रवाहासाठीचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच. एसी, म्हणजे घरच्या लाइनीचा प्रवाह, दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबी उघडल्यावर पडलेली ठिणगी विझते. डीसी, म्हणजे बॅटरीचा प्रवाह, कधी शून्यावर येत नाही. ठिणगी जळत राहू शकते आणि एमसीबीच पेटतो. दुसरी गोष्ट, ट्यूब्युलर बॅटऱ्या पलंगाखालच्या बंद पेटीत होत्या. चार्ज होताना त्यांच्यातून हायड्रोजन निघतो. उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं, तेही कोणी भरलं नव्हतं. प्लेटा उघड्या पडायला बोटभर अंतर उरलं होतं.

पर्याय

बागेत बसूनच चर्चा झाली. वडील खाटेवर बसले होते. त्यांचं मत सरळ: "अरे पंपावरून वढ ना तार, कोण पाहून रायलं!" हा पर्याय सगळ्यात स्वस्त, म्हणून मी तो आधी बाजूला काढला. शेतीपंपाला मंजूर झालेली वीज राहण्यासाठी वापरणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीचा फीडर, म्हणजे शेतीची वीजलाइन, पाळीपाळीने चालतो, कधी दिवसा कधी रात्री, म्हणजे बॅटरी लागणारच. वडिलांना कायद्याचं फारसं वाटलं नाही, पण पाळीचं पटलं.

रीतसर घरगुती कनेक्शन घेता आलं असतं. विजेचा खांब तीनशे मीटरवर होता, आणि गाडी वर्षातले चार-पाच महिने तिथे नसते. नाकारलं.

पेट्रोलचा लहान जनरेटर भाऊंच्या मनात होता. आवाज, पेट्रोलचे डबे आणि कार्बन मोनॉक्साइड. लोक पावसात जनरेटर गाडीच्या आडोशाला लावतात आणि खिडकी उघडी असते. मला तो मुख्य सोय म्हणून नकोच होता. 'पावसाळ्यासाठी राखीव म्हणून?' या प्रश्नाला मी "बघू" म्हणालो आणि विसरलो.

बाजारात मिळतात तसले तयार पॉवर स्टेशनचे डबे, बॅटरी आणि इन्व्हर्टर एकातच असलेले, ताईंना आवडले होते. प्लग लावा आणि वापरा. पण एक भाग बिघडला की पूर्ण डबा कंपनीकडे, आणि तोवर दोघांचंही काम बंद. रोजीरोटी ज्याच्यावर, ती वस्तू इतवारीच्या बाजारातून भाग आणून त्याच दिवशी दुरुस्त होणारी हवी, हा माझा हट्ट.

उरला पर्याय असलेलीच यंत्रणा नीट उभारण्याचा.

गणित आणि एसीचा वाद

नवीन काही घेण्याआधी मी त्यांना आठवडाभर मोजायला लावलं. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर दिला आणि जुना कंट्रोलर काढून ३० अँपिअरचा एमपीपीटी लावला. हा कंट्रोलर पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो. पॅनल तेच, बॅटरी तीच, ऊन तेच. दुपारचे १७ अँपिअर ३० झाले आणि कंट्रोलरच्या मर्यादेला टेकून तिथेच थांबले. पूर्ण प्रकरणात रुपयामागे सर्वात जास्त फायदा या एका बदलाने दिला. तार आणि फ्यूज मात्र मी त्याच दिवशी बदलले. ते आठवड्यासाठी थांबणारं काम नव्हतं. पलंगाखालच्या पेटीचं झाकणही काढून ठेवलं आणि बॅटऱ्यांत पाणी भरलं.

आठवड्याचा हिशोब असा निघाला. भाऊंचा लॅपटॉप सरासरी ८५ वॅट, सात तास. ताईंचा ४० वॅट, तोही सात तास. जोडीला एक मॉनिटर आणि जवळजवळ दिवसभर चालणारा राउटर. कॉम्प्रेसरचा लहान डीसी फ्रिज ४५ वॅटचा, पण त्या गरमीत दिवसाचा साठ टक्के वेळ चालूच, म्हणजे एकटाच सुमारे ०.६५ युनिट खातो. दोन डीसी पंखे अठरा तास. दिवे, पाण्याचा पंप, फोन, मिक्सर किरकोळ. बेरीज रोजचे सुमारे २.८ युनिट. स्वयंपाक गॅसवर, त्यात बदल करू नका असं मीच सांगितलं.

गारव्याचा हिशोब यात नव्हता, आणि नागपुरात गारव्याशिवाय मे महिन्याचा हिशोब म्हणजे निव्वळ थट्टा. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. नंतर सेन्सर बिघडल्याचं निघालं. पण तोवर सांगणाऱ्यावर माझ्या ओळखीत कोणी फारशी शंका घेतली नाही, यातच सगळं आलं.

भाऊंना एसी हवा होता. पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी त्या पत्र्याच्या डब्यात सरासरी ५५० वॅट घेईल असं धरलं. दहा तासांचे साडेपाच युनिट. एकूण सव्वाआठ. छपरावर जास्तीत जास्त ५४० वॅटचे दोन पॅनल बसत होते आणि त्यांच्याकडून मेमध्ये साडेचार युनिटच्या वर मी धरत नव्हतो. एसीसाठी छप्परच अपुरं होतं, बॅटरीचा प्रश्न त्यानंतरचा.

कूलरचं गणित वेगळं. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असली तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी वाफ होऊन हवा जास्तीत जास्त जेवढी थंड होऊ शकते ते, २४ अंशांच्या आसपास येतं, आणि बऱ्यापैकी कूलर २८ पर्यंतची हवा देतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा लहान कूलर ७० वॅट घेतो. चौदा तास चालला तर एक युनिट. आमच्याकडे एसी असलेल्या घरातही कूलर सुटत नाही, तो यामुळेच.

पण कूलरचं बिल पाण्यात येतं, आणि हे मी त्या बैठकीत बोललो नाही. कोरड्या हवेत असा कूलर तासाला सात-आठ लिटर पाणी पितो. रात्रभरात ऐंशी लिटर, म्हणजे वीस लिटरचे चार कॅन. बागेत विहीर होती म्हणून निभावलं. पेंचकडे उन्हाळ्यात मुक्काम टाकायचा बेत त्यांना याच कारणाने रद्द करावा लागला. मी विजेचा माणूस, मी वीज मोजली. पाणीही मोजायला हवं होतं.

निर्णय: बारा की चोवीस, आणि बॅटरी किती

बारा व्होल्टवर राहा असं भाऊंच्या ओळखीतल्या एकाने सुचवलं होतं, कारण गाडीचं सगळं सामान बारा व्होल्टचं मिळतं. मी चोवीसचा आग्रह धरला. तेवढ्याच कामाला अँपिअर निम्मे लागतात, आणि तार, लग, फ्यूज सगळ्यांचा ताप त्या अँपिअरवरच असतो. दिवे आणि पाण्याच्या पंपासाठी चोवीसचे बारा करणारा एक छोटा कन्व्हर्टर लावला. फ्रिज दोन्हीवर चालणारा होता.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. आठ सेल एका रांगेत, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, मिळून २५.६. खर्च वाचवायला भाऊ १०० अँपिअर-अवरची घेऊ म्हणाले, म्हणजे अडीच युनिट. कूलर धरून दिवसाच्या ३.८ युनिटला अडीच साठवले आणि बाकी उन्हातून थेट वापरले तर चालेल, असा त्यांचा हिशोब, आणि मीही पहिल्या झटक्यात मान डोलावली. ताईंनी थांबवलं. "काका, माझे कॉल रात्री असतात."

मग आम्ही दिवसाचा हिशोब सोडून तासांचा मांडला. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ: कूलर, पंखे, फ्रिज, अकरापर्यंत दोघांचे लॅपटॉप, राउटर, दिवे. बेरीज अडीच युनिट, बॅटरीच्या तळापर्यंत. म्हणजे एखाद्या संध्याकाळी ढग आले की पहाटे चारला पुन्हा अंधार. २०० अँपिअर-अवरची घेतली, ५.१ युनिटची. दोन ट्यूब्युलर शंभर किलोच्या वर होत्या, ही एकटी पन्नासच्या आत. खर्चाचा निम्मा भाग मात्र हिचाच.

दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडायचे, की पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी, हा निर्णय किरकोळ वाटतो. उघड्या सर्किटला, म्हणजे भार नसताना, ५४० वॅटच्या एका पॅनलचे साडेएकोणपन्नास व्होल्ट, सिरीजमध्ये दोघांचे मिळून ९९. घेतलेल्या कंट्रोलरची मर्यादा १०० व्होल्ट. कागदावर बसतं. पण पॅनल थंड झालं की व्होल्टेज वाढतं, आणि डिसेंबरच्या पहाटे इथे तापमान आठ-नऊ अंशांपर्यंतही उतरतं. सूर्य उगवताच १०३ व्होल्ट येतील आणि कंट्रोलर कायमचा जाईल. उन्हाळ्यात केलेलं काम असं हिवाळ्यात जळतं आणि दोष कोणाचा ते कोणालाच समजत नाही. म्हणून पॅरलल. शिवाय झाडाची सावली एका पॅनलवर आली तरी दुसरं आपलं काम करत राहतं.

केलेलं काम

मेच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस लागले. छपराला आधी पांढरा उष्णतारोधक रंग दिला, मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पॅनल, छपरापासून चार बोटं वर. खालून वारा गेला की पॅनल थोडं थंड राहतं, आणि पॅनलच्या सावलीने छप्परही. पॅनलचे सेल सत्तर अंशांपर्यंत तापले तर त्यांची ताकद पंधरा टक्क्यांनी घटते, त्यामुळे ही चार बोटांची जागा फुकट जात नाही.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर डीसी फ्यूज. इन्व्हर्टरपर्यंत २५ स्क्वेअर एमएमची तार, लग हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले. पंखे, फ्रिज, कूलर, राउटर, दिवे थेट डीसीवर, कारण इन्व्हर्टर काहीही काम नसताना नुसता चालू राहून २० वॅट खातो, म्हणजे दिवसाचं जवळजवळ अर्धा युनिट. भाऊंचा लॅपटॉप आणि मिक्सर तेवढे इन्व्हर्टरवर, आणि झोपताना इन्व्हर्टर बंद. आता इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनीसारखी वीज देणारा आहे. जुन्यावर भाऊंचा अडॅप्टर हात लावू न देण्याइतका तापायचा, तो निवला.

इन्व्हर्टरनंतरच्या एसी प्रवाहाच्या बाजूला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच. इथे एक मेख आहे. इन्व्हर्टरचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसेल तर आरसीसीबी नुसता शोभेचा, धक्का बसला तरी तो पडत नाही. तो जोड दिला, चाचणी करून पाहिली. बाहेरून वीज घेतली तर मात्र हाच जोड तोडावा लागतो.

गाडीच्या इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या अल्टरनेटरवरून आतल्या घराच्या बॅटरीला चार्ज देणारा डीसी-डीसी चार्जर बसवला. गाडी चालत असताना तासाला सुमारे ०.४ युनिट. जुने ३३५ चे दोन पॅनल विकले नाहीत. घडीच्या स्टँडवर बसवून जमिनीवर मांडायला ठेवले, आणि आठवड्यापुरता लावलेला तो ३० अँपिअरचा कंट्रोलर त्यांना कायमचा दिला. ट्यूब्युलर बॅटऱ्या वडिलांच्या घरी इन्व्हर्टरला गेल्या.

गाडी उभी करायची जागाही मीच ठरवून दिली. माणसाला सावली हवी, पॅनलला ऊन. एकाच छपराला दोन्ही कसं देणार? गाडी आंब्याच्या पूर्वेला लावली. तीनपर्यंत छप्पर उघडं, त्यानंतर झाडाची सावली पश्चिमेकडून गाडीवर सरकते. शेवटच्या दोन तासांचं उत्पादन बुडतं, पण पश्चिमेची भिंत तापत नाही. ताईंच्या मते या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा रंगानेही पडला नाही. मला रंगाचं श्रेय हवं होतं, पण असो.

दुपारचा खड्डा

आठवड्याने भाऊंनी फोनवर उत्पादनाचा आलेख पाठवला. सकाळी अकराला ७८० वॅट, दुपारी एकला ५६०. डोंगराच्या माथ्यावरच खड्डा.

आधी झाड धरलं. पण एक वाजता सावली बुंध्याशीच असते. मग बॅटरी भरली म्हणून कंट्रोलर हात आखडता घेतोय का ते पाहिलं. बॅटरी साठ टक्क्यांवर होती. पॅनल तापलं म्हणावं तर पंधरा टक्के जातील, एवढे नाही. शेवटी मी पुन्हा गाडीपाशी गेलो, एक वाजेपर्यंत थांबलो आणि सीटखालचं कपाट उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. कंट्रोलरच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला. कपाटात ५८ अंश होते. प्लायचं दार घट्ट बंद, शेजारी इन्व्हर्टर, वर चादरींची घडी. आजूबाजूची हवा चाळीसच्या वर गेली की असा कंट्रोलर स्वतःला वाचवायला उत्पादन कमी करतो. माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, मी वाचलेलंही होतं. पण कपाट सुबक दिसत होतं.

दाराला खाली-वर जाळ्या कापल्या, कॉम्प्युटरचे दोन पंखे थर्मोस्टॅटवर लावले, चादरी हलवल्या. दुसऱ्या दिवशी एक वाजता ८४० वॅट.

परिणाम

मेमध्ये छपरावरून सरासरी ४.४ युनिट आले, वापर ३.९ होता. नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतही, सकाळी सातला बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली गेली नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे आडवे पॅनल तेव्हा सगळ्यात चांगलं काम करतात. डिसेंबरात सूर्य भरदुपारीही पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. तेव्हा उत्पादनाची क्षमता साडेतीनवर आली, पण वापरही सव्वादोनवर होता.

ऑगस्टने मात्र पकडलं. सलग पाच दिवस आभाळ गच्च. रोजचं उत्पादन १.१ ते १.३, वापर २.४. कूलरचा भार नव्हता, दमट हवेत त्याचा उपयोगही नसतो, तरी रोज सव्वा युनिटची तूट. जमिनीवरचे पॅनल मांडावे तर बागेत घोटाभर चिखल. पाचव्या पहाटे बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, बॅटरी बंद केली. भाऊंनी उभ्या गाडीचं इंजिन दोन तास चालू ठेवलं आणि पाऊण युनिट मिळवलं. त्यात किती डिझेल गेलं हे त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी ते शहरात नातेवाइकांकडे आले. ताईंनी हॉलमध्ये बसून कॉल घेतले, आणि खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडून माझ्याकडचा जुना १० अँपिअरचा चार्जर रात्रभर लावला.

कामाचे एकूण दोन अर्धे दिवस बुडाले. एप्रिलमधल्या पंधरवड्याच्या मानाने किरकोळ. पण हे टळलं असतं. दुसऱ्या खेपेचा खर्च दोन लाख दहा हजार. त्यात बाहेरची वीज घ्यायला एक वॉटरप्रूफ सॉकेट, न्यूट्रलचा जोड आपोआप बदलणारा स्विच आणि ३० अँपिअरचा चार्जर बसला असता. मी "ऑफ-ग्रिड गाडीला प्लग कशाला?" म्हणून गाळला होता. ऑगस्टनंतर बसवला, आता रिकामी बॅटरी सहा-सात तासांत भरते.

पुन्हा केलं तर

शंट, म्हणजे बॅटरीत गेलेली-आलेली वीज मोजणारा मीटर, पहिल्याच दिवशी लावीन. आम्ही तो जूनमध्ये लावला. तोवर भाऊ व्होल्टेज पाहून बॅटरी किती उरली ते ठरवत होते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये सत्तर टक्के आणि चाळीस टक्के यांच्या व्होल्टेजमध्ये डोळ्याला दिसेल असा फरकच नसतो. लेड-ॲसिडची सवय इथे दगा देते.

प्रश्न विचारण्याचा क्रमही बदलीन. मी आधी "काय काय चालवता?" विचारलं. "केव्हा?" हे ताईंनी न विचारता सांगितलं. त्या गप्प बसल्या असत्या तर मी १०० ची बॅटरी लावून मोकळा झालो असतो आणि जूनमध्ये माझ्यावरही कोणीतरी लेख लिहिला असता.

एका बाबतीत माझं मन अजून बनलेलं नाही. येत्या मेमध्ये भाऊंची आई महिनाभर गाडीत राहायला येणार आहेत, आणि त्यांना कूलरच्या दमट हवेत दम लागतो. ताईंनी हिशोब मांडून पाठवला आहे: एसी फक्त दुपारी बारा ते चार, म्हणजे २.२ युनिट, तेवढा वेळ कूलर बंद, म्हणजे पाव युनिट वजा, एकूण गरज ५.८. छपराचे ४.४ आणि जमिनीवरच्या पॅनलचे २.३, मिळून ६.७. आकडे बरोबर आहेत. फक्त ते दोन पॅनल रोज सकाळी बाहेर मांडायचे आणि संध्याकाळी आत घ्यायचे, प्रत्येकी बावीस किलो, नवतपात. हे कोण करणार, ते त्यांनी लिहिलेलं नाही. मी तेवढंच विचारून ठेवलं आहे.